बोक्याचे वजन आणि यजमानांची कैफियत

वाशीम, कारंजा, रिसोड या गावांत मांजर पूर्वी पाळले जात नसे. ते नांदत असे. धान्याच्या कोठीपाशी, अडतीच्या दुकानातील पोत्यांच्या थप्पीवर, गोठ्याच्या माळ्यावर त्याचा मुक्काम असे. उंदीर हीच त्याची तैनात असे. आणि सायंकाळी धार निघाल्यावर घरधनिणीने करवंटीत घोटभर दूध ओतले की उभयपक्षी हिशेब चुकता झाला, असे समजले जाई. गेल्या काही वर्षांत हा शिरस्ता पालटला. लांब केसांचा, बसक्या नाकाचा पर्शियन बोका दिवाणखान्यात आला, त्याच्या पाठोपाठ गावठी मांजरही कायमचे घरात आले, दोघांनाही उंबरठ्याबाहेर मनाई झाली, तयार खाद्याने भरलेली वाटी अष्टौप्रहर समोर राहिली, आणि शिंके तुटण्याची वाट पाहण्यात ज्याच्या पिढ्यान्पिढ्या गेल्या, त्या बोक्यासाठी शिंकेच आपण होऊन जमिनीवर उतरले. आता सहा-सात किलोंचा बोका चार पावले चालून फतकल मारून बसतो, आणि यजमान पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवतात.

या कौतुकालाच माझी हरकत आहे. परंतु आपला पक्ष मांडण्याआधी प्रतिपक्षाची कैफियत नीट ऐकून घ्यावी, हा वादाचा जुना दंडक आहे, आणि ती कैफियत ऐकण्याचे प्रसंग माझ्यावर पुष्कळ आले आहेत. तिच्यातला पहिला आणि सर्वांत प्रामाणिक मुद्दा आमच्या वऱ्हाडी बोलीत असा मांडला जातो: “खाऊ द्या न जी त्याले. मुकं जनावर हाय, त्याचा घास मोजता काय?” या वाक्याला हसू नये. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाला. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे तर आजही घरोघरी आहेत. ज्या मुलखाने दिसणारी हाडे म्हणजे दैन्य आणि भरलेले अंग म्हणजे लक्ष्मी, असा अनुभव पिढ्यांमागून पिढ्या घेतला, तेथे खात्यापित्या घरचे मांजर गुबगुबीत असावे, अशी समजूत रुजली तर तिच्यात दयेचा अंश आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र दया ही हेतूने निर्दोष असली तरी तिच्या परिणामाचा जाब तिला द्यावाच लागतो, आणि येथे परिणाम साफ तिच्या विरुद्ध जातो.

निरोगी वजनापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी जड असलेल्या मांजराला पशुवैद्यक अतिवजनाचे म्हणतात, आणि वीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली की त्याची गणना स्थूलांत होते. म्हणजे ज्या मांजराचे उचित वजन चार किलो, ते पाच किलोंवर गेले की यजमानांच्या लेखी ‘जरा भरलेले’ असले तरी वैद्यकाच्या लेखी रोगी आहे. स्थूल मांजराला मधुमेह जडण्याचा धोका सडपातळ मांजराच्या मानाने कैक पटींनी वाढतो, आणि तो जडला की बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई टोचण्याची पाळी घरच्यांवर येते, सांधे झिजतात, मूत्रमार्गाचे विकार बळावतात. परंतु या मोठ्या नावांपेक्षा एक बारीक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. मांजर हे स्वभावतः स्नानसंध्या न चुकवणारे जनावर आहे. जागेपणीच्या वेळेतला मोठा हिस्सा ते अंग चाटण्यात घालवते. स्थूल बोक्याची मान वळत नाही आणि पोट आड येते, म्हणून जीभ कमरेपर्यंत पोहोचत नाही. तेथे केसांच्या जटा होतात, कोंडा साचतो, कातडी लाल होते. ज्याला स्वतःचे अंग स्वच्छ ठेवण्याचीही मुभा उरली नाही, त्याला आपण लाडावलेले म्हणतो, हे भाषेवर व मांजरावर एकाच वेळी होणारे आक्रमण आहे. आणि स्थूलता हे सुबत्तेचे भूषण मानायचे, तर अमेरिकेतील एका संस्थेच्या 2022 च्या पाहणीत तेथील 61 टक्के मांजरे अतिवजनी वा स्थूल आढळली. तेथले पशुवैद्य या आकड्याने भूषित झालेले नाहीत, चिंतेत पडले आहेत.

दुसरा मुद्दा जरा तत्त्वज्ञानाच्या थाटाचा असतो: जनावराला आपले पोट कळते, ते भुकेहून अधिक खात नाही. हे विधान रानमांजराविषयी केले तर मी त्यावर सही करीन. आमच्या शेतशिवारांत वावरणारे रानमांजर कोणी लठ्ठ पाहिलेले नाही. पण त्याचे श्रेय संयमाला नसून उंदराला आहे. एका उंदरातून सुमारे 30 कॅलरी मिळतात. दिवसाची गरज भागवायला तसे सात-आठ उंदीर लागतात, आणि प्रत्येक यशस्वी झडपेमागे कित्येक झडपा फुकट जातात. दबा धरणे, धावणे, चुकणे, पुन्हा दबा धरणे हाच त्याच्या भुकेचा लगाम आहे. घरातील वाटीत तो लगाम कोठून यावा? त्यातून बहुतेक पाळीव मांजरांची नसबंदी झालेली असते, आणि नसबंदीनंतर ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने उतरते, तर भूक उलट वाढते. यावरून काही जण नसबंदीच नको असा निष्कर्ष काढतात, तो तर अगदीच उफराटा. बोळाबोळांतून बेवारस फिरणारी पिल्ले ज्याने पाहिली आहेत, त्याला नसबंदी रद्द करण्यापेक्षा वाटी लहान करणे सोपे वाटावे.

तिसऱ्या मुद्द्यापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो परंपरेचा आधार घेऊन येतो. आमच्या आजीची मांजरे दूध-पोळीवरच जगली, असे सांगितले जाते. आजीची मांजरे दूध-पोळीवर जगली नाहीत; ती आजीच्या कोठीतल्या उंदरांवर जगली, आणि दूध-पोळी हा त्यांचा वरकड भत्ता होता. आता मूळ पगार बंद झाला आणि भत्ताच पगार म्हणून चालू राहिला. त्याचा जमाखर्च मांडून पाहावा. चार किलो वजनाच्या, घरात बसून असणाऱ्या मांजराला दिवसाला अंदाजे 200 ते 240 कॅलरी पुरतात. म्हशीच्या दुधाच्या 150 मिलिलिटरच्या वाटीत 150 हून अधिक कॅलरी असतात. म्हणजे सकाळचा वाटीभर रतीब पोटात गेला की दिवसाचा दोन-तृतीयांश शिधा संपला. त्यावर पुन्हा तयार खाद्य, आणि चहाच्या वेळी मुलांच्या हातून दोन ग्लुकोज बिस्किटे. एका बिस्किटाच्या सुमारे 25 कॅलरी धरल्या तर ती दोन बिस्किटे मांजराच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा होतात. माणसाच्या मापाने, भरल्या जेवणावर चार पोळ्या. आणि रोज केवळ दहा कॅलरी, म्हणजे अर्ध्याहून कमी बिस्किट, गरजेपेक्षा जास्त जात राहिली तर वर्षाकाठी जवळजवळ अर्धा किलो चरबी जमा होते. मांजराच्या जिभेला गोड चवच कळत नाही, हे 2005 साली संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा ते बिस्किट गोडीसाठी मागते हा आपला भ्रम आहे. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. शिरपूर आणि कारंजा ही जैनांची मोठी क्षेत्रे आमच्या जिल्ह्यात आहेत, वारकरी माळकऱ्यांची घरेही थोडी नाहीत, आणि ज्या घरात मांस वर्ज्य आहे त्या घराच्या आचाराचा मला पूर्ण आदर आहे. पण मांजर हे निसर्गाच्या सनदेने मांसाहारी आहे. कुत्र्याप्रमाणे त्याला भाकरीवर निभावता येत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच मिळते. ते तुटले की दृष्टिपटल झिजते, हे 1975 साली, आणि हृदय दुबळे होते, हे 1987 साली सिद्ध झाले. दूध, पोळी, भात यांवर ठेवलेले मांजर म्हणूनच एकाच वेळी लठ्ठ आणि कुपोषित असू शकते. ज्यांना घरात मांस नको, त्यांनी प्राणिज घटकांचे तयार खाद्य घरात चालेल काय, याचा निर्णय मांजर आणण्यापूर्वी करावा. आणि ते चालत नसेल तर गाय पाळावी, पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवू नये.

“तो जाड नाही हो, केसच आहेत,” हा बचाव पर्शियन बोक्याच्या यजमानांचा. वाशीमच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हेच सांगितले, तेव्हा मी त्यांच्याच बोक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवले. निरोगी मांजराच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपल्या की बोटांना एकेक मोजता येतात, व वरून पाहिले तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसते. येथे बोटे नुसती रुतत गेली. बरगडी लागण्यासाठी दाबावे लागले, आणि कंबर म्हणावी अशी जागाच सापडली नाही. मास्तर जिन्याने खाली गेले, तेव्हा बोका तीन पायऱ्यांवर मुक्काम करीत त्यांच्या मागे आला. न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे की मागच्या पायांपाशी लोंबणारी कातडीची सैल झोळी पुष्कळ धडधाकट मांजरांनाही जन्मजात असते; तिच्यावरून कोणावर स्थूलतेचा आरोप ठेवू नये. साक्ष बरगड्यांची घ्यावी, झोळीची नव्हे.

आतापर्यंत ज्यांचे खंडन केले, त्यांचा अपराध लाडाचा. याच्या उलट टोकाला, लठ्ठपणा एकदा पटला की दुसऱ्याच दिवशी ताटली उचलून ठेवणारे उत्साही सुधारक असतात, आणि त्यांची मला अधिक धास्ती वाटते. लंघनासारखे औषध नाही, ही आपल्याकडची पक्की श्रद्धा; एकादशी आणि चतुर्थी करणाऱ्या समाजाला दोन दिवसांच्या उपासात काही वावगे दिसत नाही. माणसाच्या बाबतीत तिचा कस वैद्यांनी पाहावा. मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, बाबतीत ती श्रद्धा प्राणघातक आहे. अन्न तुटताच त्याच्या अंगातली साठलेली चरबी लोटच्या लोट यकृताकडे धावते, यकृताला तिचा निचरा करता येत नाही, पेशी चरबीने भरून जातात, आणि दोन-चार दिवसांच्या उपासात कावीळ, ओकाऱ्या, लाळ गळणे, अन्नाची शिसारी असे दुष्टचक्र सुरू होते. मग नळीवाटे आठवडेच्या आठवडे अन्न घालावे लागते, आणि तरीही प्रत्येक बोका वाचतोच असे नाही. ‘भूक लागली की झक मारत खाईल’ असे म्हणून नवे खाद्य समोर ठेवून जुने एका दिवसात बंद करणाऱ्यांनाही हाच इशारा लागू आहे. मांजराचा हट्ट माणसाच्या हट्टाहून चिवट असतो आणि त्याची किंमत त्याचे यकृत मोजते.

तर मग तजवीज काय? देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने आमच्याच कारंज्यात स्थापन झाली, आणि 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अशा बाजारांची घडी पक्की केली. कापूस, तूर, सोयाबीन काट्यावर ठेवताना छटाकभराची तकरार करणाऱ्या मुलखाने घरातल्या बोक्याला कधीच काट्यावर ठेवू नये, हा विसंगतीचा नमुना आहे. मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग मांजराला खाली सोडून पुन्हा उभे राहावे, आणि वजाबाकी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. पंधरवड्यातून एकदा एवढे केले तरी दप्तर तयार होते. खाद्य मुठीने न घालता सराफी काट्यावर मोजून घालावे, कारण कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये 350 ते 400 कॅलरी असतात, आणि चार किलोंच्या मांजराला दिवसभरात 50-60 ग्रॅम म्हणजे डोळ्यांना अपुरा वाटणारा, पण पोटाला पुरेसा शिधा होतो. तो एका वेळी न ओतता चार-पाच वेळा विभागून द्यावा, कधी घरात इकडेतिकडे लपवावा, दोरीला चिंधी बांधून त्याला धावायला लावावे. उंदरांनी सोडलेले काम कोणी तरी केलेच पाहिजे. खाद्य देण्याचा अधिकार घरातल्या एकाच व्यक्तीकडे ठेवावा. सकाळी आजोबांनी, दुपारी सूनबाईंनी आणि रात्री नातवाने ‘त्याने काहीच खाल्ले नाही’ या समजुतीने घातलेले तीन घास, हेच माझ्या पाहण्यात लठ्ठपणाचे सर्वांत मोठे कारण आहे.

वजन उतरावे ते आठवड्याला अर्धा ते एक टक्का, फार तर दोन. सात किलोंच्या बोक्याने आठवड्यात 35 ते 70 ग्रॅम गमावले तर तो उत्तम चालला आहे असे समजावे. पाच किलोंवर यायला सहज आठ महिने ते वर्ष लागेल. ही मंद गती ज्याला सोसत नाही, त्याने या फंदात पडू नये. किती शिधा तोडायचा ते ठरवताना पशुवैद्याचा सल्ला अगत्याचा, कारण रक्ताच्या तपासणीशिवाय लपलेला मधुमेह उघड होत नाही. आणि गावच्या दवाखान्यात बैल व म्हशींचीच रीघ असेल, तर वाशीमहून सुमारे 80 किलोमीटरवर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

शेवटी एक आक्षेप असा येईल, आणि तो येणे रास्तच आहे, की केंद्राने ज्या वाशीम जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, जेथे सोयाबीनच्या भावावर घरे तरतात आणि बुडतात, तेथे मांजरांच्या चरबीवर कागद काळे करणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग. मी एवढेच म्हणतो की या सुधारणेला शासनाचे अनुदान लागत नाही, निविदा लागत नाही. उलट महिन्याच्या खाद्याच्या पिशवीत आणि दुधाच्या रतिबात बचतच होते. वाचकांना विनंती आहे की या रविवारी आपला बोका एकदा काट्यावर ठेवावा, आकडा लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध व बिस्किटे बंद करून शिधा थोडाथोडा उतरवावा. पण त्या काळात त्याने एक पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.