उद्दिष्ट वर्गाचे की कागदाचे?

प्राथमिक शिक्षणास निश्चित उद्दिष्ट असावे, याविषयी दुमत नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि तिसरीअखेर मुलाने मिनिटास किमान 60 शब्द समजून वाचावेत, असे ठरविले. त्यासाठी 2026-27 सालाची मुदतही घातली. ही अपेक्षा अवाजवी नव्हे. परंतु 2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले सुमारे 27 टक्केच आढळली. अंतर केवढे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हे अंतर तोडावयाचे ते प्राथमिक शिक्षकाने. त्याच्यासमोर एकाच बाकावर तीन मुले बसलेली असतात : एकास अक्षरओळख नाही, दुसरा शब्द जुळवितो, तिसऱ्याच्या घरची बोली पुस्तकाहून निराळी. या तिघांचे आजचे उद्दिष्ट एक असूच शकत नाही. तारा मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, ती हेच ओळखून. मूल जेथे आहे तेथून शिक्षणास आरंभ होतो.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने हेच कर्तव्य शिक्षकावर सोपविले आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून त्यास जादा शिकवणे द्यावे, असे कलम 24 सांगते. मात्र कलम 27 शिक्षकास अशैक्षणिक कामांतून मुक्त करताना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करते. त्यांत माहिती भरण्याच्या नित्य तगाद्याची भर पडली, म्हणजे कुवत पाहण्यास सवड कोठून मिळावी?

हिशेब मागितल्यावाचून काम होत नाही, असे म्हणणारे आहेत. जनतेच्या पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे, हे आम्हांसही मान्य आहे. पण हिशेब मुलाच्या वाचनाचा हवा, तक्त्यांच्या संख्येचा नव्हे. एक माहिती एकदाच मागावी, मतदारयाद्यांच्या कामास स्वतंत्र मनुष्यबळ नेमावे आणि वर्गाचा वेळ वर्गासच राहू द्यावा, एवढे सरकारला करता येण्याजोगे आहे.

आपली मुले खाजगी शाळांत घातलेल्या सुशिक्षित नागरिकांनी हा प्रश्न परक्यांचा मानू नये. तिसरीत वाचता न आलेल्या मुलास चौथीचे प्रत्येक पुस्तक बंदच राहते. ते उघडून देणाऱ्या शिक्षकास सवड मिळवून देणे, हे त्याच्याइतकेच आपलेही उद्दिष्ट असले पाहिजे.