आमची नावं कुणाच्या कपाटात?



वस्तीत फॉर्म आला की रांग लागते. शिलाई मशीनचा फॉर्म, दप्तराचा फॉर्म, डोळे तपासणीचा फॉर्म, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. टेबल टाकून बसलेली बाई गोड बोलते आणि विचारत सुटते. नाव काय, जात काय, पोटजात काय, नवरा काय करतो, पितो का, मारतो का, घरात टीबी कुणाला, कर्ज किती, मोबाईल नंबर बोला. आधारची झेरॉक्स द्या, रेशनकार्डाची द्या, जातीच्या दाखल्याची द्या, दोन फोटो द्या, इथं सही करा. सही येत नसेल तर अंगठा. आमच्या आया अंगठा उठवतात आणि घरी येतात. दप्तर कधी मिळतं, कधी नाही मिळत. फॉर्म मात्र गेलेला असतो.

तो फॉर्म कुठं जातो? या अंकाचा सवाल एवढाच आहे.

सवाल आत्ताच का? कारण तो आपल्या दारात आलाय. आपल्या अभ्यासिकेला पुस्तकं आणि पंखे द्यायला एक मोठी संस्था तयार आहे. बदल्यात तिला पोरापोरींची यादी हवी. जात, उत्पन्न, फोटो, आणि 'कौटुंबिक अडचणी' असा एक रकाना. मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, यादीच तर मागतात, किडनी नाही मागत. दुसरा म्हणतो, यादी देणार नाही, पंखे गेले खड्ड्यात. दोघांनी मिळून विचार करावा म्हणून हे लिहितोय.

यादीचं काय होतं ते वस्तीनं पाहिलंय. वह्यावाटपाची एक यादी समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवली होती. संस्थेचं नाव घेत नाही, अशा छप्पन्न आहेत. नाव, जात, बापाचा धंदा, फोन नंबर, सगळं उघडं. तीन दिवस ती भिंतीवर होती. येणाऱ्याजाणाऱ्यानं मोबाईलवर फोटो काढले. आठवड्याभरात बायांना कर्ज घ्या म्हणून फोन सुरू झाले. ज्या पोरानं लांबच्या उपनगरात खोली बघितली होती त्याच्या घरमालकाचा सूर बदलला. डिपॉझिट परत आलं, कारण आलं नाही. यादी लावणाऱ्याचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नाही. त्याला फक्त हे सुचलंच नाही, की भिंतीवर लावलंय ते एका माणसाचं घर आहे.

मलबार हिलवरच्या माणसाचा नंबर फुटला तर त्याला चार जाहिरातींचे फोन येतात. तो वैतागतो आणि फोन कापतो. आमची माहिती फुटली तर खोली जाते, नोकरी जाते, ठरलेलं लग्न मोडतं. नवऱ्यापासून पळून आलेल्या बाईचा पत्ता फुटला तर तिचा जीव जातो. एकच कागद, पण त्याचं वजन दोन माणसांच्या पाठीवर वेगळं पडतं. म्हणून हा सवाल चैनीचा नाही. खोलीचा आणि भाकरीचा आहे.

गोदीत काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पेटी उतरली की तिचा नंबर टॅलीवर चढतो. माल कुणाचा, कुठून आला, कुठं जाणार, कुणी ताब्यात घेतला, सगळ्याला सही. सील तुटलेलं दिसलं की काम थांबतं, साहेब येतो, लिहून घेतलं जातं. साबणाच्या पेटीला ही इज्जत आहे. आमच्या आईच्या आजाराची, आमच्या बहिणीच्या फोटोची पावती कुणाकडं आहे? सील कुणी तोडलं ते कुणी लिहून घेतलं?

नोंदीचं आणि आमचं नातं जुनं आहे. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला की गुन्हेगार. नावं रजिस्टरात, रोजची हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांच्या वसाहती चालवायचं काम सरकारनं साल्व्हेशन आर्मीसारख्या धर्मादाय संस्थांच्या हाती दिलं. म्हणजे बघा, सूप देणारा हात आणि हजेरी घेणारा हात एकच होता. कायदा १९५२ साली गेला. पारध्याच्या पालावर पोलीस आजही आधी जातात, चोरी नंतर शोधतात. रजिस्टर जळालं तरी रकाना डोक्यात राहतो.

आणि रकाना नुसता रकाना नसतो. तुरुंगात जातीचा रकाना होता. झाडू कुणाच्या हातात जाईल आणि स्वयंपाक कोण करील ते जात बघून ठरायचं. पत्रकार सुकन्या शांता यांनी याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं तुरुंगाच्या रजिस्टरमधून तो रकाना काढून टाकायला सांगितला. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी. तुरुंगाला जे समजावून सांगावं लागलं ते दानशूरांना आपोआप समजेल असं धरून चालू नका.

आता कायद्याकडं येऊ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर श्रीकृष्ण समितीनं २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यात काही माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती, तिला जास्त संरक्षण होतं. त्या यादीत जात आणि जमात होती. २०१९ च्या विधेयकातही होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागं घेतलं. २०२३ मध्ये जो कायदा पास झाला त्यातून ती यादीच उडवली. आता आमची जात आणि कुणाच्या चपलेचा नंबर, कायद्याच्या लेखी सारखेच. हे कुणाच्या लक्षात आलं? आपल्या नेत्यांपैकी कोण बोललं? जयंतीच्या बॅनरवर फोटो मोठा कुणाचा यावर हाणामाऱ्या झाल्या, यावर एक सभा झाली नाही.

तरीही या कायद्यात आपल्या उपयोगाचं आहे, ते उचललं पाहिजे. माहिती गोळा करणारी संस्था धर्मादाय आहे म्हणून ती सुटत नाही. कंपनीला जे लागू ते ट्रस्टला लागू. संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली पाहिजे. माहिती कशासाठी घेतोय ते सांगायचं, आणि ते मराठीत मागायचा आपल्याला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या पोराची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती लागते. दिलेली संमती मागं घेता येते, चूक दुरुस्त करून घेता येते, माहिती पुसून टाका म्हणता येतं. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले आणि यातली मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील असं ठरलं. पण चांगलं वागायला कुणाला तारखेची वाट बघावी लागत नाही.

आता भोकं बघा. पहिलं भोक, हा कायदा कॉम्प्युटरवर चढलेल्या माहितीचा आहे. कागदावरचा फॉर्म कपाटात पडून राहिला, रद्दीत गेला, त्यात कुणी भेळ बांधून दिली, तर कायदा हात वर करतो. दुसरं भोक, माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत. जिची अब्रू गेली तिला त्यातला छदाम नाही. उलट खोटी तक्रार केली असं ठरलं तर तिलाच दहा हजारांपर्यंत दंड. तिसरं भोक सगळ्यात मोठं. याच कायद्यानं माहितीच्या अधिकाराला कात्री लावली. व्यक्तिगत माहिती म्हटलं की अधिकाऱ्यानं नाही म्हणायची सोय झाली. रेशनच्या याद्या, रोजगार हमीचे हजेरीपट मागून मागून लोकांनी चोऱ्या पकडल्या होत्या. सरकार म्हणतं, जनहिताचं दुसरं कलम शिल्लक आहे. असेल. पण खिडकीवर कारकून कुठलं कलम दाखवील ते आपल्याला ठाऊक आहे. साहेबाची फाईल झाकलेली आणि आमच्या आईचं दुखणं भिंतीवर, याला आपण खाजगीपणा म्हणणार नाही. ज्याच्या हातात सत्ता त्यानं उघडं असावं, ज्याच्या हातात काही नाही त्याला दार लावायचा हक्क असावा. आपली मागणी ही.

कुणी म्हणेल, संस्था चांगल्या असतात, उगीच संशय. चांगुलपणाचा इथं संबंध नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसहून नावाजलेली संस्था कुठली? जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं की तिच्याकडच्या ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांच्या माहितीपर्यंत चोर पोचले होते. कोण ही माणसं? युद्धात आणि स्थलांतरात घरच्यांपासून तुटलेली, बेपत्ता झालेली, कैदेत पडलेली. चोर सत्तर दिवस आत होते आणि पत्ता नव्हता. पण रेडक्रॉसनं एक केलं, लपवलं नाही. जगाला सांगितलं, यंत्रणा बंद केली, कुठं चुकलं ते छापलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं कुलूप तुटू शकतं, तर नाक्यावरच्या ट्रस्टच्या ऑफिसातल्या लॅपटॉपचं, जिथं पासवर्ड स्क्रीनवर चिठ्ठी लावून लिहिलेला असतो, काय होईल? एकच शहाणपण खरं. जे घेतलंच नाही ते फुटत नाही.

संस्था म्हणतात, देणगीदार पुरावा मागतो. बरोबर आहे, मागावाच. पैसा पोचला की वाटेत कुणी खाल्ला हे कळलंच पाहिजे. धर्मादाय आयुक्ताकडं जमाखर्च जातो तो त्यासाठीच. पण पंखे लावल्याचा पुरावा म्हणजे पंख्याचं बिल आणि फिरणारा पंखा. त्यासाठी पोरीचा बाप दारू पितो का हे कशाला पाहिजे? पैशाचा हिशोब पैशानं द्या. आमच्या दुःखाचे फोटो लावून अहवाल जाड करू नका.

आपल्यातला कुणी विचारील, मग जात सांगायचीच नाही का? आरक्षण कसं मिळणार, जनगणनेत जात मोजा म्हणून आपणच तर ओरडलो. बरोबर ओरडलो. पण मोजणं वेगळं आणि नावानिशी यादी करणं वेगळं. १९४८ च्या जनगणना कायद्यात एकेकट्या माणसाचं उत्तर बंद ठेवलंय, ते कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा चालत नाही. आम्ही किती आहोत हे सगळ्या देशाला कळू दे. मी कोण, कुठल्या खोलीत राहतो, मला काय झालंय, हे मी सांगीन त्याला कळेल. दाखला हक्कासाठी दाखवायचा असतो, तो दाखवून खिशात परत ठेवायचा.

तेव्हा अभ्यासिकेपुरतं आपलं म्हणणं असं. आकडा देऊ. इतकी मुलं, इतक्या मुली, इतके दहावीचे, इतके बारावीचे. नावं देणार नाही. फोटो हवा तर पुस्तकांच्या कपाटाचा घ्या. बघायचं असेल तर या, सतरंजीवर बसा, चहा घ्या, पोरांशी बोला, पण वही पेन बाहेर ठेवून. एवढ्यावर पंखे येत असतील तर स्वागत. नसतील येत तर वर्गणी काढू. आपल्या बापांनी एक वेळ उपाशी राहून बुद्धविहारं बांधली, दोन पंखे आपल्याला जड नाहीत.

आणि हा नियम मंडळालाही. अभ्यासिकेच्या फॉर्मवर नाव, इयत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर एवढंच. जातीचा रकाना नको, आधार नको. फॉर्म एका पेटीत, पेटीची किल्ली दोघांकडं, आणि ते दोघं कोण हे सगळ्यांना माहीत. वर्ष संपलं की फॉर्म फाडायचे, सगळ्यांसमोर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाची यादी टाकायची नाही, मग तो जिल्हाध्यक्ष का मागेना.

बाहेर फॉर्म भरावाच लागला तर वस्तीत हे सांगत फिरा. आधी विचारा, हे कशाला पाहिजे, कोण बघणार, कधी फाडणार. उत्तर नसेल तर रकाना कोरा ठेवा. झेरॉक्सवर आडवं लिहा, अमुक कामापुरती, आणि तारीख टाका. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मिळतं, ते द्या. अंगठ्याच्या आधी फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवा म्हणा. वाचणारं कुणी नसेल तर आपल्यातलं पोरगं त्या टेबलाशेजारी उभं करा. शिकलो ते कशासाठी?

भीक घालणाऱ्याला आमचं सगळं ठाऊक पाहिजे आणि आम्हाला त्याचं नावही विचारता येऊ नये, हा जुना गावगाडा आहे. तो आता लॅपटॉप घेऊन आलाय एवढंच. येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत यावर मतदान आहे. या, भांडा, पण मत द्या.

जय भीम.