आकडा बरोबर, रकाना चुकीचा



हल्ली उसाचं बिल असो, नोंदीची यादी असो, सगळं संगणकातून छापून येतं. त्यात एखाद्या रकान्याचं नाव चुकलेलं दाखवलं, की उत्तर ठरलेलं असतं : "आकडे बरोबर आहेत हो, नुसतं वरचं नाव चुकलंय." या 'नुसतं'शीच माझं भांडण आहे.

मी मूळचा लांज्याचा. आमचा तालुका भाताचा, काजू-आंब्याचा. उसाचं बिल तिकडं फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पण रकान्याची किंमत तिथल्या म्हाताऱ्या माणसालाही सांगावी लागत नाही, कारण सातबारा घरोघरी आहे. गाव नमुना सातवर तेच नाव 'भोगवटादार' या रकान्यात असलं तर माणूस जमिनीचा धनी, आणि 'कुळाचे नाव' या रकान्यात असलं तर कूळ. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन झाला, आणि एका रकान्यातलं नाव दुसऱ्या रकान्यात नेण्यासाठी कोकणातल्या कितीतरी घरांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. नावाचं एक अक्षरही बदलायचं नव्हतं. बदलायचा होता तो फक्त रकाना! संगणकाच्या सातबाऱ्यावरही २०२० साली शासनाने काही बदल केले. खाते क्रमांक पूर्वी 'इतर हक्क' या रकान्याबरोबर छापला जाई, तो खातेदाराच्या नावासोबत आणला, हा त्यातलाच एक. आकडा तोच, जागा नवी.

आता आपल्या बिलाकडे या. 'दर' एवढाच शब्द वर छापलेला असतो. कुठला दर? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. पण सभासदाच्या हातात येतो तो तोडणी-वाहतूक वजा जाता राहिलेला दर. दोन्हींना नुसतं 'दर' म्हटलं तर भांडणं होणारच. 'उतारा' या शब्दाची तर आणखी गंमत. कारखान्यात उतारा म्हणजे साखरेचा, ऊसनोंदीच्या टेबलावर उतारा म्हणजे सातबाऱ्याचा. दोन्ही तक्ते एकत्र जोडून यादी काढली आणि दोन्हींत रकान्याचं नाव 'उतारा' असेल, तर काही संगणक-कार्यक्रम दोनांतला शेवटचा तेवढा ठेवतात आणि पहिला गिळून टाकतात. चूक झाली असं सांगतही नाहीत.

ही चूक नेमकी होते कुठं, हे सभासदांनीही थोडं समजून घ्यावं. साठवलेली माहिती वेगळी आणि ती काढण्यासाठी संगणकाला विचारलेला प्रश्न, म्हणजे क्वेरी, वेगळी. यादीवरची नावं बहुतेक वेळा क्वेरीतून येतात. समजा, खाते, नाव, वजन आणि वजावट असे चार रकाने मागायचे आहेत. लिहिणाऱ्याच्या हातून 'वजन' आणि 'वजावट' यांच्यामधला स्वल्पविराम राहिला. संगणक त्याचा अर्थ असा घेतो, की वजनाचा रकाना द्या आणि त्याला 'वजावट' म्हणा. यादी तीन रकान्यांची येते, आणि 'वजावट' या नावाखाली १८.४५० टन! कुठं लाल अक्षर नाही, की घंटा नाही. खरी वजावट यादीत आलेलीच नसते. म्हणून आधी रकाने मोजावेत. मागितले तितके आले का?

दुसरा प्रकार अधिक फसवा. दोन हंगामांच्या याद्या एकाखाली एक जोडतात तेव्हा रकान्यांची नावं पहिल्या यादीवरून घेतली जातात आणि दुसरीतले आकडे केवळ क्रमाने खाली बसतात. पहिलीत 'तोडणी, वाहतूक' आणि दुसरीत 'वाहतूक, तोडणी' असा क्रम असला, तर निम्म्या सभासदांची तोडणी वाहतुकीत जाते. एकूण बेरीज मात्र जुळते. बेरीज जुळली की तपासनीस पान उलटतो, तिथंच घात होतो.

जुन्या सवयीही याला कारण आहेत. १९८० च्या दशकात डीबेस हा कार्यक्रम फार चालला. त्यात रकान्याच्या नावाला १० च अक्षरं मिळत. तेव्हा आखडून लिहिणं भाग होतं. आता ती अडचण राहिलेली नाही, तरी 'टीव्हीकेएचआर' म्हणजे तोडणी-वाहतूक खर्च हे एकट्या संगणकवाल्याला ठाऊक! तो रजेवर गेला की कारखाना मुका.

आणि दुरुस्तीची रीत? छापील कागदावर पेनाने नाव खोडून नवं लिहायचं, हे मी पाहिलेलं आहे. पुढच्या पंधरवड्याला तीच चूक पुन्हा छापून येते. दुरुस्ती क्वेरीतच झाली पाहिजे. नावं आपोआप पडू न देता प्रत्येक रकान्याला हाताने, पूर्ण मराठी नाव द्यावं. मग एका सभासदाची एकच खेप घ्यावी, जिच्यात भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, वजावट असे सगळे आकडे एकमेकांपासून लांबचे आहेत, आणि ती काट्याच्या पावतीशी रकान्यागणिक ताडून पाहावी. बेरजेत लपलेली अदलाबदल एका खेपेत उघडी पडते. अर्ध्या तासाचं काम आहे.

सातबाऱ्यातला लेखनप्रमाद दुरुस्त करायला १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे; अर्ज होतो, नोंद होते, कुणी काय बदललं ते कागदावर राहतं. आपल्या बिलाच्या यादीला असं काही नाही. वार्षिक सभेपुढे माझी सूचना आहे ती एवढीच : बिलातल्या प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्याचा अर्थ शेतकी ऑफिसच्या बाहेर फळ्यावर लावावा, नाव बदललं तर तारीख घालून त्याची नोंद ठेवावी, आणि 'दर' हा उघडा-बोडका शब्द येत्या हंगामापासून बिलावर छापू नये.