रंग लावण्याआधी लोखंड दाखवा

वसईच्या होळी भागात राहून लोखंडाचं काम करायचं म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी कायमचं भांडण. गॅलरीची ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडचे अँगल, गच्चीवरच्या टाकीची शिडी. दिवाळीआधी रंगवलेलं लोखंड पुढच्या गणपतीला पोपडे धरतं. गिऱ्हाईक मग रंगाच्या कंपनीला शिव्या घालतं आणि पुढच्या वेळी आणखी महाग डबा आणतं. माझी उमर जहाजदुरुस्तीच्या गोदीत गेली, नंतर स्वतःच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात. डब्यात खोट मला क्वचितच सापडली. खोट असते ती रंगाच्या खाली.

नव्या अँगलवरची निळसर काळी, गुळगुळीत साल बघून लोकांना माल चांगला वाटतो. ती मिल स्केल, लोखंड तापवून रोलमधून काढताना धरलेली. तिच्यावर रंग मारला की ती कधीतरी रंगासकट सुटते आणि जिथे तडकते तिथलं उघडं लोखंड अधिकच वेगानं गंजतं. जुन्या लोखंडाचं दुखणं वेगळं. गंजाच्या खड्ड्यांत समुद्राचं मीठ बसलेलं असतं आणि ते दिसत नाही. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फिरवला की वरचा भाग चकाकतो, मालक खूश होतो, मीठ खड्ड्यातच राहतं. रंगाचा थर कितीही जाड असो, थोडी ओल आत शिरतेच. मीठ ती ओढून घेतं आणि तिथे फोड येतो. म्हणून किनाऱ्यावर ब्रशच्या आधी गोडं पाणी लागतं. इथेच पंचाईत आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यात कितीतरी विहिरी-बोअरचं पाणी खारट झालंय. त्यानं ग्रिल धुणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणंच. नळाचं पाणी मागितलं तर सोसायटीचे सेक्रेटरी असे बघतात, जणू मी त्यांच्या टाकीत उतरून आंघोळच करणार आहे.

गोदीत ब्लास्टिंग, म्हणजे कणांच्या माऱ्यानं साफसफाई, झालं की लोखंड आयएसओ ८५०१-१ मधल्या फोटोंशी ताडून बघत. १९६७ च्या स्वीडिश मानकातून ही पद्धत आली. समुद्रावरच्या कामाला 'एसए अडीच' लागायचं, म्हणजे किंचित डाग सोडले तर अख्खं लोखंड उजळ. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, किंवा लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम नसलं, तर रंगकाम बंद. गॅलरीच्या ग्रिलला एवढं नको. वस्तीत वाळूचं ब्लास्टिंग करूही नये. ती धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. पण धुणं, खरवडणं, पुन्हा धुऊन वाळवणं आणि त्याच दिवशी प्रायमर, एवढं कुठल्याही रंगाऱ्याला जमतं.

जमतं, पण होत नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही. निविदा असो की सोसायटीचं कोटेशन, दर बहुधा चौरस फुटाला दोन हातांचा असतो आणि साफसफाई त्यातच धरलेली असते. रंगारी खरवडत बसला तर ठेकेदाराची रोजंदारी वाढते. रंगाचे हात मोजता येतात, रिकामे डबे मोजता येतात. खालचं काम प्रायमर लागला की झाकलं जातं.

खारी हवा मोठ्या कामांनाही सोडत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. सगळं खापर मी गंजावर फोडणार नाही. चौकशीत कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगही निघालं. पण गंजही निघाला, आणि पुतळा पडायच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम खात्यानं गंजलेल्या नट-बोल्टबद्दल पत्र दिलं होतं. खाऱ्या हवेला पुरते नऊ महिनेही लागले नाहीत.

आमच्या महापालिकेनं नाल्यांचे कठडे, पादचारी पूल, शेड यांच्या निविदांत रंगाआधीची तयारी ही स्वतंत्र बाब करावी आणि तिला स्वतंत्र दर द्यावा. अभियंत्यानं उघडं लोखंड पाहून सही केल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडायचा नाही. ठेकेदार म्हणतील, खर्च वाढेल. वाढेलच. पण तोच कठडा दर दोन वर्षांनी रंगवायचं कामही हातचं जाईल, आणि त्यांची खरी अडचण ती आहे.

सोसायट्यांना तर निविदेचीही वाट बघायला नको. सेक्रेटरींनी प्रायमरआधी एकदा गच्चीवर यावं आणि पांढरं फडकं शिडीवरून फिरवावं. फडकं लाल झालं, तर त्या दिवशी रंग नाही.