आठ दिवसांत ग्लो, नंतर गोंधळ!

माझ्या रूममेटचं लग्न चार महिन्यांवर आलं होतं. साहजिकच आमच्या वन बीएचकेमध्ये रोजचा अजेंडा एकच. साड्या, मेंदी आणि स्किन! ऑफिसमधल्या कुणीतरी तिला एका ट्यूबचं नाव सांगितलं. बाईसाहेब कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या, नाव सांगितलं, पैसे दिले, ट्यूब हातात. प्रिस्क्रिप्शन? कोण विचारतंय!

आठ दिवसांत तिचा चेहरा असा काही उजळला की मीसुद्धा चोरून दोनदा लावून पाहिली. (खोटं कशाला बोलू?) दोन महिने सगळं मस्त. मग एकदा ट्यूब संपली आणि नवी आणायची राहून गेली. चार-पाच दिवसांनी सकाळी सकाळी बाथरूममधून हाक, "अगं, लवकर ये ना!" गाल लालबुंद, नुसती आग आग आणि हनुवटीभर पुरळ. नवी ट्यूब आणून लावली, दोन दिवसांत शांत. थांबवली, की पुन्हा आग. चेहऱ्याला चक्क व्यसन लागलं होतं!

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब उलटी केली आणि बारीक अक्षरं वाचली. "यात मोमेटासोन आहे. म्हणजे स्टिरॉइड. कुणी लिहून दिलं तुम्हाला?" आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसलो. रिक्षात बसल्यावर हिचा प्रश्न, "स्टिरॉइड म्हणजे ते जिममधली पोरं घेतात तेच ना?"

मला धड उत्तर येईना. मग रात्री वाचायला बसले आणि या सगळ्याच्या मुळाशी सापडलं कोण? कोलेस्टेरॉल!

हो, तेच. ऑफिसच्या चेकअपमध्ये वाढलेलं निघालं की आपण आठवडाभर वडापाव बंद करतो, तेच. पण बॉस, ते नुसतं व्हिलन नाही. शरीर स्वतःच ते बनवतं, कारण तो कच्चा माल आहे. त्यातून पित्तातली आम्लं बनतात, सेक्स हार्मोन्स बनतात आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी त्यातूनच कॉर्टिसॉल तयार करतात. जिमवाल्यांचं स्टिरॉइड हे टेस्टोस्टेरॉनचं भावंडं, ट्यूबमधलं कॉर्टिसॉलचं. खानदान एक, धंदे वेगळे.

कॉर्टिसॉलचा धंदा म्हणजे इम्यून सिस्टीमला "आता पुरे" म्हणणं. ते पेशीच्या आत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला चिकटतं, थेट केंद्रकात जातं आणि सूज पेटवणाऱ्या जीन्सचा आवाज कमी करतं. ही ताकद जगाला कळली 1948 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. डॉ. फिलिप हेंच यांना बरीच वर्षं एक कोडं पडलं होतं. संधिवाताच्या बायका गरोदर राहिल्या किंवा रुग्णाला कावीळ झाली, की सांधे बरे कसे होतात? शरीरातच काहीतरी असणार. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अॅड्रिनल ग्रंथींमधून एक पदार्थ वेगळा काढला होता, 'कंपाउंड ई'. औषधापुरता तो बनवला गेला गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून. म्हणजे पुन्हा कोलेस्टेरॉलचंच लेकरू! सप्टेंबर 1948 मध्ये संधिवातानं जखडलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला त्याची इंजेक्शनं सुरू केली. काही दिवसांत ती चालत शहरात शॉपिंगला गेली! 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसायला लागली होती. औषध थांबलं की दुखणं परत येई, चालू ठेवलं तर चेहरा चंद्रासारखा गोल होई.

कोविडमध्ये हेच नाट्य मोठ्या पडद्यावर दिसलं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलचा निकाल आला. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा नाही. औषध तेच, वेळ चुकली की उपयोग शून्य.

आणि कोलेस्टेरॉल नेहमी ब्रेकच लावतं असंही नाही. विषाणू आला की आपल्या काही रक्षक पेशी कोलेस्टेरॉलला ऑक्सिजनची एक जोड देऊन नवा रेणू बनवतात. तो पेशीचं आवरण असं बदलतो की कित्येक विषाणूंना आत शिरणं जड जातं. त्याच्याच एका भावंडाचा माग काढत अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी योग्य जागी पोचतात, हे 2011 मध्ये कळलं. एकाच मालातून अॅक्सिलरेटरही आणि ब्रेकही!

आता पुन्हा आमच्या ट्यूबकडे. दोन महिने रोज ब्रेक दाबून ठेवला तर काय होणार? त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पिंपल्स येतात, कधी चेहऱ्यावर लवही वाढते. नायट्यावर लावलं तर खाज थांबते, पण पहारेकरी झोपल्यामुळे बुरशी मजेत पसरते. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर.

तर मंडळी, ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा. पण घाबरून दम्याचा इनहेलर फेकू नका. डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही मनानं बंद करू नका. बाहेरून माल मिळत असला की अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

रूममेटचा चेहरा निवळायला लग्नानंतरही कित्येक महिने गेले. अल्बममध्ये मेकअपचा थर आहे, ती तो कुणाला दाखवत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच मेडिकलमध्ये उभी होते. शेजारच्या मुलीनं तीच ट्यूब मागितली. मेडिकलवाला काढणार तेवढ्यात मी म्हटलं, "एक मिनिट, मागचं वाचलंस?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं गिऱ्हाईक पळवलं. मुलीनं मात्र वाचलं. आणि ट्यूब काउंटरवरच राहिली.