राज्य बदललं म्हणून लायसन्सची ट्रायल पुन्हा द्यायची का?

आमगावहून रेल्वेने निघालं की सालेकसा आणि पुढे डोंगरगड, म्हणजे छत्तीसगड. दुसऱ्या बाजूला लांजी-बालाघाट, मध्य प्रदेश. आपल्या कितीतरी घरांतली मुलं भिलाई-रायपूरला कामाला आहेत, कितीतरी मुलींची सासरं तिकडे आहेत. त्यांना एजंट हमखास सांगतो, ‘इथलं लायसन्स नवीन काढा, ट्रायल द्यावी लागेल.’

आमचं म्हणणं स्पष्ट आहे: लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३ प्रमाणे गोंदियाचं एमएच-३५ लायसन्स अख्ख्या देशात चालतं. उलट कलम ६ सांगतं की एका माणसाला एकच लायसन्स ठेवता येतं. जुनं लपवून दुसरं काढलं तर गुन्हा आपल्या अंगावर येतो, एजंटच्या नाही.

ट्रायल लागते ती वेगळ्या कारणाने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपून एक वर्ष उलटलं, तर नूतनीकरणाआधी चाचणी पुन्हा द्यावी लागते. आधी ही सवलत पाच वर्षांची होती. मुदतीनंतरचे तीस दिवसही त्या दुरुस्तीने काढून टाकले होते. परगावी राहणारा माणूस ‘गावी गेलो की करू’ म्हणतो आणि ईद दोनदा येऊन जाते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला बघते. घर विकायची वेळ येऊ शकते.

नूतनीकरण नव्या राज्यातही होतं, सारथी पोर्टलवरून. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. घरमालक भाडेकरार करून देत नाही, आधारवर पत्ता आमगावचा. म्हणून पहिलं काम आधार दुरुस्तीचं. आणि ज्यांच्याकडे जुनं पुस्तकी लायसन्स आहे, त्याची नोंद सारथीवर नसेल, तर ती मूळ आरटीओतूनच चढवून घ्यावी लागते. हे गाव सोडण्याआधी बघा.

गाडीचा नियम मात्र निराळा आहे, त्यात गल्लत नको. एमएच-३५ ची मोटारसायकल दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आणि दुबईला ड्रायव्हर म्हणून निघालेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तिथे आपल्या लायसन्सवर सरळ लायसन्स मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. त्याचा खर्च कोण करणार, ते करारात आधीच लिहून घ्या.