छिंगछेंगचा शिलालेख

चीनच्या सिचुआन प्रांतातील छिंगछेंग पर्वताचा युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा यादीत समावेश केला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात चांग ताओलिंग यांनी येथे ताओ धर्माचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. त्यांच्या स्मृतीशी निगडित प्राचीन गुहामंदिरात गेलेले पर्यटक जुन्या गिंको वृक्षापाशी रेंगाळतात. बौद्ध यात्रिकाने मात्र तेथील तांगकालीन शिलालेखापुढे अधिक काळ थांबावे, असे आमचे मत आहे.

त्या काळी पर्वतावरील ताओ मठ बौद्ध भिक्षूंनी बळकावला होता. सम्राट श्वानत्सुंग याने तो ताओपंथीयांना परत करण्याची आणि भिक्षूंनी पर्वताबाहेरील आपल्या मूळ जागी जाण्याची आज्ञा दिली. ती आज्ञाच त्या शिळेवर कोरलेली आहे.

हा लेख आपल्याला सुखावणारा नाही. म्हणूनच तो वाचला पाहिजे. न दिलेले न घेण्याचे शील व्यक्तीइतकेच संघालाही बांधील करते. महाबोधी महाविहारासाठी आपण न्याय मागतो. ती मागणी रास्तच आहे. परंतु आपल्या विरोधात गेलेला न्यायही जो मान्य करतो, त्याच्याच मागणीला नैतिक बळ लाभते. आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहास असा निर्भयपणे वाचावा.